थाप बसून, शब्द उठून

रेंडर्ट स्खुरला आयुष्यात एक धड थाप मारता आली नाही, आणि तरी गेली कित्येक वर्षं तो रोज सकाळी थापांच्या बाकावर जाऊन बसत होता. त्याच्या थापेतला मासा फार तर हातभर व्हायचा. शेजारच्या क्रेलिसच्या थापेतल्या वाम मासळीने मात्र एकदा बंदरावरचा दिवा गिळला होता आणि पोटात उजेड घेऊन ती हिवाळाभर पाण्याखाली हिंडत होती. "अरे, थोडा तरी वाढव की," क्रेलिस त्याला म्हणायचा. "मासा काही तक्रार घेऊन येणार नाही." मग रेंडर्ट हसून पाइप पेटवायचा आणि मासा आणखी वीतभर वाढवायचा. त्याहून जास्त त्याच्याच्याने होत नसे.

हा बाक स्टावरहूकच्या बंदरावर, जुन्या मासळी-लिलावाच्या भिंतीला पाठ लावून होता. उत्तरेचा वारा भिंत अडवायची, ऊन थेट अंगावर यायचं आणि समोर सगळं बंदर दिसायचं: कोण आलं, कोण गेलं, कोणाला अजूनही होडी धक्क्याला नीट लावता येत नाही. समुद्राला बांध घालून त्याचं तळं केलं तेव्हा ज्या होड्या मोडीत निघाल्या, त्यांच्या फळ्यांचा तो केलेला. ह्या किनाऱ्यावर असे बाक बंदरोबंदरी आहेत आणि सगळीकडे म्हातारे त्यांवर बसून थापाच मारतात. पण स्टावरहूकच्या बाकाला एक नियम होता, तो दुसऱ्या कुठल्या गावात नाही. थाप बसून मारायची, शब्द उठून द्यायचा. बाकाला बूड टेकलेलं असेपर्यंत माणूस काय वाटेल ते बोलो, त्यावर कोणी विश्वास ठेवायचा नाही आणि पुढे त्याला जाबही विचारायचा नाही. बोलता बोलता तो उठून उभा राहिला, की हसणं थांबायचं. उभ्याने बोललेलं खरं. होड्यांचे सौदे असेच झाले आणि सोयरिकीही अशाच जुळल्या.

बाहेरच्या माणसाला हा नियम कोणी सांगत नसे. लपवायचं म्हणून नव्हे. घास तोंडात घालायचा असतो हे पाहुण्याला कोणी सांगत बसतं का?

रेंडर्ट आयुष्यात फार वेळा उठला नाही. पहिल्यांदा उठला तो ऐन पंचविशीत. आल्त्येचा बाप बाकावर बसलेला, मासळीचे भाव, हवापाणी, सगळं बोलून झालेलं, आणि हा गडी नुसताच उभा राहिला. शब्द म्हणून फुटेना. बाकावरचे सगळे वाट पाहत राहिले. शेवटी आल्त्येच्या बापालाच दया आली. "बरं, बरं. समजलं. बस आता," तो म्हणाला, आणि लग्न ठरलं. आल्त्ये पुढे आयुष्यभर त्याला चिडवायची, की मला मागणी घातली ती ह्याच्या गुडघ्यांनी.

दुसऱ्यांदा उठला तो पन्नाशीत. तळ्यातली वाम कमी होत चालली होती आणि बाकावर रोज त्याची कारणं निघत होती: पाणपक्षी खातात, शहरातले लोक घाण सोडतात, देवाची इच्छा. रेंडर्ट उठला आणि म्हणाला, "वाम संपली. होड्या आहेत तोवर विका." त्याची स्वतःची होडी तेव्हा नुकतीच रंगवून झालेली होती. लोक फार चिडले. कोणी त्याला भित्रा म्हटलं, कोणी त्याच्या दारावरून जाताना थुंकलं. पण तो उभ्याने बोलला होता, म्हणून चिडत चिडत बहुतेकांनी विकल्याच. ज्यांनी विकल्या नाहीत त्यांच्या होड्या पुढे सरपणाच्या भावातही कोणी घेईना. तेव्हापासून गावात रेंडर्टच्या शब्दाला एक वजन आलं. बेकरीत पाव घेताना तो "दुपारी पाऊस आहे" असं म्हणाला, तर बेकरीवाली सीत्स्के गल्ल्यावर कोणाला तरी बसवून आधी दोरीवरचे कपडे काढायला जायची. आकाशाकडे मान वर करून बघायचीसुद्धा नाही.

रेंडर्टकडे ह्या वजनाखेरीज दुसरं काही फारसं नव्हतं. मूलबाळ झालं नाही. आल्त्येही पुढे वारली.

लिलाव बंद पडला तेव्हा गावाने ती इमारत सडू दिली नाही. घराघरातून एकेक वस्तू आली: जाळी शिवायच्या सुया, तेलकट टोप्या, बुडालेल्या कोणाचे तरी घरीच राहिलेले लाकडी बूट. त्याचंच संग्रहालय झालं. पाट्यांवरचं शुद्धलेखन दिव्य होतं, एका होडीच्या नमुन्याला शीड उलटं लावलेलं होतं आणि त्यावाचून कोणाचं काही अडत नव्हतं. आल्त्ये होती तोवर शनिवारी तीच तिथे कॉफी द्यायची. थंडी पडली की बाकावरचे म्हातारे उठून आत शेगडीशी यायचे, ऊन आलं की पुन्हा बाहेर. त्यांच्याकडे तिकीट कोणी मागत नसे आणि मागितलं असतं तर त्यांना ती थापच वाटली असती.

मग नगरपालिकेने संग्रहालयाला नवी संचालिका आणली. आनेलोत तिचं नाव. शहरातली, उंच, मोकळं हसणारी, सायकलवरून येणारी. ती आली ती थेट ऑफिसात न जाता बाकावर येऊन बसली. "तुम्हाला नुसतं रेंडर्ट म्हटलं तर चालेल ना?" असं तिने विचारलं, आणि रेंडर्टला रेंडर्टकाका म्हणण्याची सवय असलेल्या गावात ते त्याला जरा बोचलं, पण गोडही वाटलं. आल्त्येनंतर त्याला नुसतं रेंडर्ट म्हणणारं बाईमाणूस उरलं नव्हतं. ती ऐकायची. क्रेलिसची दिवा गिळणारी वाम तिने न कंटाळता शेवटपर्यंत ऐकली आणि वर विचारलं, की दिवा विझला कसा नाही. क्रेलिससुद्धा खूश झाला. केसाने गळा कापणारी माणसं चेहऱ्यावरून ओळखू येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी आनेलोतला एकदा भेटायला हवं होतं.

त्या उन्हाळ्याच्या शेवटी एक गाडी आली आणि दोन माणसं टेप घेऊन उतरली. बाकाचं माप घ्यायचं होतं. बाकाची एक फळी बऱ्याच दिवसांपासून हलत होती, तेव्हा सगळ्यांना वाटलं, बरं झालं, बाईंनी मनावर घेतलं. "काका, ते टोक जरा धरता का?" त्यांच्यातल्या तरुणाने रेंडर्टला विचारलं. रेंडर्टने पाइप दातांत धरला आणि दोन्ही हातांनी टेपचं टोक बाकाच्या कडेला घट्ट दाबून धरलं. त्याला कुठलंही काम अर्धवट करता येत नसे. उंची मोजताना मध्ये येऊ नयेत म्हणून क्रेलिसने पाय वर घेतले. "माझ्या शवपेटीचं माप घेताय होय?" तो म्हणाला. "रुंदीला सैल ठेवा. मी कुशीवर झोपतो." टेपवाले हसले, आकडे टिपून घेतले आणि गेले. फळी हलायची तशी हलतच राहिली.

पानं पिवळी पडली तेव्हा गावात फलक लागले: आपलं संग्रहालय कुठे जाणार? तुम्हीच ठरवा. क्रेलिसने तो मोठ्याने वाचला आणि म्हणाला, "जाणार म्हणजे? त्याला पाय फुटले की काय?" पहिल्या सभेला कोणी फिरकलं नाही. पाद्रीबुवा आले, कारण त्यांना यावंच लागतं, आणि एक निवृत्त मास्तर आले, कारण त्यांना कोणीच कुठे बोलवत नाही. दुसऱ्या दिवशी आनेलोत सफरचंदाचा केक घेऊन बाकावर आली आणि रेंडर्ट आणि क्रेलिसच्या मध्ये बसली. लोक का येत नाहीत, असं तिने विचारलं.

"बांधाच्या वेळी माझ्या आजोबाला विचारलं होतं ना," क्रेलिस केक खात म्हणाला. "साहेब म्हणाले, समुद्र बंद करायचा की नाही ते आमचं आम्ही बघतो. बांधाला वाळू पिवळी हवी की करडी, तेवढं तुम्ही सांगा. आजोबा म्हणाला पिवळी. घातली करडी."

आनेलोत खळखळून हसली. मग ती रेंडर्टकडे वळली. लोक तुमचं ऐकतात, ती म्हणाली. तुम्ही सांगितलंत तर ते येतील. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत हे म्युझियम कसं असावं, ते त्यांनीच सांगायचं आहे. मी फक्त ऐकणार आहे.

रेंडर्टला सभांमध्ये रस नव्हता. पण लोकांना बोलवायचं म्हणजे त्यासाठी उठावं लागणार, आणि एवढ्याशा कारणासाठी उठावं का, हे त्याला कळत नव्हतं. शेवटी त्याने एकच प्रश्न विचारला.

"एक सांगा, बाई. ठरलंय, की ठरायचंय?"

"कागद कोरा आहे, रेंडर्ट," आनेलोत म्हणाली, आणि तिने त्याच्या बाहीवर हात ठेवला. "तुम्ही लिहाल तेच त्यावर उमटेल."

ती गेल्यावर क्रेलिसने मांडीवरचा केकचा चुरा झटकला. "बसून बोलली ती."

"तिला कुठे माहीत आहे आपलं ते?"

"तिला नसेल," क्रेलिस म्हणाला. "बाकाला आहे."

रेंडर्टला त्याचा राग आला. परक्या माणसाला आपला नियम लावायचा, तोही त्याला न सांगता, हा कुठला न्याय? बाई सरळ डोळ्यांत बघून बोलली होती. आता ती उभी असती तर काय तिच्या तोंडून वेगळं निघालं असतं? रविवारी चर्च सुटल्यावर लोक बंदरावर रेंगाळतात, तेव्हा रेंडर्ट बाकावरून उठला. गुडघे कुरकुरले. सीत्स्केने तिच्या नवऱ्याला कोपराने ढोसलं आणि आजूबाजूची बडबड आपोआप थांबली.

"ह्या वेळी ते नुसतं विचारणार नाहीत, ऐकणारही आहेत," रेंडर्ट म्हणाला. "काही ठरलेलं नाही. मी विचारून घेतलंय. सगळ्यांनी या."

एवढंच बोलून तो बसला. मात्र एका बाईने बसून दिलेला शब्द त्याने उभ्याने गावाला दिला होता, आणि घोटाळा झाला तो इथे.

लोक आले. हिवाळाभर दर पंधरवड्याला लिलावाचं सभागृह भरायला लागलं. कॉफी मिळायची, कॉफीबरोबर एक बिस्कीट मिळायचं आणि मग इकडच्या रीतीप्रमाणे डब्याचं झाकण लागायचं. भिंतीवर मोठमोठे कागद आणि फोटो लावलेले असत आणि प्रत्येकाला चिकट टिकल्या वाटत. जे तुम्हाला प्यारं आहे त्यावर टिकली लावा. आयुष्यात सभेत तोंड न उघडलेली माणसं बोलायला लागली. सीत्स्के म्हणाली की गावकऱ्यांना तिकीट नको, इथल्या वस्तू आमच्याच आजोबा-पणजोबांच्या आहेत. कोणी म्हणालं शेगडी काढू नका. आणि बाक जिथे आहे तिथेच राहू दे, हे तर एकजात सगळे म्हणाले. ज्याला दुसरं काही सुचेना तोही उठून तेवढं म्हणायचा. आनेलोत मान डोलवायची, टिपून घ्यायची आणि प्रत्येकाला म्हणायची, "छान. हे आम्ही बरोबर नेतो."

सभांमध्ये असं म्हणायची इकडे पद्धतच आहे. बरोबर नेतो, म्हणजे लक्षात ठेवतो, विचार करतो. नगरपालिकेत म्हणतात, शाळेत म्हणतात, डॉक्टरसुद्धा म्हणतात. त्याचा अर्थ कोणी विचारत नाही.

शेवटच्या सभेत बाकाच्या फोटोला इतक्या टिकल्या लागल्या की त्याला गोवर आल्यासारखं दिसायला लागलं. रेंडर्टनेही आपली टिकली तिथेच लावली. घरी जाताना लोक त्याच्या पाठीवर थाप मारून गेले. आल्त्ये असती तर तिने आज झाकण लागल्यावरही सगळ्यांना दुसरं बिस्कीट दिलं असतं, असं त्याला वाटलं. तो मनापासून सुखी होता, आणि ह्या वयात माणसाला असं सुखी करून मग तोंडघशी पाडणं ह्यापरतं पाप नाही.

वसंतात इमारतीला परांची बांधली गेली आणि काम सुरू झालं. एक दिवस सकाळी रेंडर्ट पाइप भरत बंदरावर आला आणि बसायला म्हणून वळला, तर बाक नव्हता. दगडावर पायांच्या जागी चार फिकट डाग होते आणि भिंतीवर जिथे म्हाताऱ्यांच्या पाठी घासत तिथे एक लांब गुळगुळीत पट्टा होता. फळी दुरुस्त करायला नेला असेल, असं त्याने स्वतःलाच सांगितलं. मग तो आत गेला.

बाक सभागृहाच्या मधोमध होता. शेगडी कुठेच नव्हती. बाकाला घासूनपुसून चकचकीत केलं होतं, वरून दिवे सोडले होते, आणि तीन बाजूंनी काच उभी करायचं काम चाललं होतं. चौथी बाजू समोरची; तिथे दोर लावायला पितळी खांब आणून ठेवले होते. काच बसवणाऱ्या तरुणाने वर पाहिलं आणि त्याचा चेहरा खुलला.

"काका, ओळखलंत का? टेपचं टोक तुम्हीच धरलं होतंत." त्याने काच आणि बाक ह्यांच्यामधल्या फटीतून बोट फिरवून दाखवलं. "बघा, कुठे केसभर चुकलं नाही."

"ही काच सांगितली कधी होती?" रेंडर्टने विचारलं.

"तेव्हाच. अशा काचेला फार वेळ लागतो, काका. माप घेतलं आणि लगेच सांगितली."

रेंडर्ट तिथेच उभा राहिला. त्याला आधी फलक आठवला, मग पाद्रीबुवा आणि मास्तर, मग केक, मग बाहीवरचा हात. सगळं ह्या टेपच्या नंतरचं होतं. हिवाळाभर आख्खं गाव एकेक टिकली लावत होतं तेव्हा ही काच कुठल्यातरी कारखान्यात तयार होऊन पडलेली होती. आणि त्याने स्वतः दोन्ही हातांनी टोक धरलं होतं.

आनेलोत ऑफिसात उभी राहून फोनवर बोलत होती. त्याला पाहून तिने फोन ठेवला आणि आनंदाने विचारलं की कसा दिसतोय.

"बाक बाहेर राहू दे, असं आम्ही म्हणालो होतो," रेंडर्ट म्हणाला.

ती समजावून सांगायला लागली. पावसात तो सडत होता. सगळ्यांत जास्त टिकल्या त्यालाच होत्या, म्हणून तर त्याला सगळ्यांत मानाची जागा दिली. बाहेरगावचे लोक आता मुद्दाम तो बघायला येतील. "मी म्हटलं होतं ना, बरोबर नेतो म्हणून?"

"बरोबर न्या म्हणजे उचलून न्या, असं नव्हे." त्याचा आवाज चढला नाही. "ते राहू द्या. मी एक विचारलं होतं. ठरलंय, की ठरायचंय."

आनेलोतबद्दल एवढं तरी म्हणायला हवं, की तिने नजर चुकवली नाही. "दिशा ठरलेली होती," ती म्हणाली. "ती आधी ठरवावीच लागते, रेंडर्ट, नाहीतर असल्या कामाला वरून पैसाच सुटत नाही. त्या दिशेने कसं जायचं, ते तुमच्याबरोबर ठरवायचं होतं. आणि तसं आपण ठरवलंच की."

"वाळू पिवळी की करडी," रेंडर्ट म्हणाला. तिला ते आठवलं नाही. तिथून निघताना त्याच्या लक्षात आलं, की आज पहिल्यांदाच ही बाई त्याच्याशी उभी राहून बोलली होती, आणि आज पहिल्यांदाच खरं बोलली होती.

गावाने त्याला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. वामीच्या वेळी दिल्या होत्या, त्या त्याने पचवल्या होत्या, कारण तेव्हा तो खरा होता. ह्या वेळी कोणी काही बोललं नाही. सगळे सभ्यपणे वागायला लागले. नगरपालिकेने धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला एक लोखंडी बाक बसवला, वाऱ्याच्या तोंडावर, बंदराकडे पाठ करून. त्यावर कोणी बसेना. म्हातारे आपापल्या घरी टीव्हीसमोर बसले. क्रेलिस रस्त्यात भेटला तर टोपीला हात लावायचा आणि पुढे जायचा. एकदा बेकरीत रेंडर्ट सवयीने म्हणाला, "दुपारी पाऊस आहे." सीत्स्केने "हो का?" म्हणत त्याला पाव बांधून दिला आणि मग काउंटरवरून वाकून, काचेतून आकाशाकडे नीट बघून घेतलं. रेंडर्टने ते पाहिलं. घरी येऊन त्याने पाव तसाच टेबलावर ठेवला आणि कोट न काढता खुर्चीत बसून राहिला. आयुष्यभर जपलेली एकच चीज होती, आणि ती कोणीतरी त्याच्याकडून उसनी घेऊन, वापरून, फेकून दिली होती.

उन्हाळ्याच्या तोंडाला उद्घाटन ठरलं. आनेलोत स्वतः सायकलवरून त्याच्या दारी आली. गावाच्या वतीने तुम्हीच चार शब्द बोला, ती म्हणाली. हे सगळं तुमच्यामुळे झालं. हे ती मनापासून म्हणत होती, आणि ते ऐकायला सगळ्यांत कठीण होतं. रेंडर्टने तिच्याकडे पाहिलं आणि बरं म्हटलं.

उद्घाटनाला सगळं गाव आलं, कारण त्या एका दिवशी तिकीट नव्हतं. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: हे संग्रहालय स्टावरहूकच्या लोकांनी घडवलं. पाहुणे पुढे खुर्च्यांवर बसले होते, गाव मागे उभं होतं. अध्यक्ष बोलले, आणखी कोणी बोललं, सगळे उभ्याने बोलले. मग आनेलोतने रेंडर्टचं नाव घेतलं आणि माइक पुढे केला.

रेंडर्ट माइकपाशी गेला नाही. तो पितळी खांबापाशी गेला, दोर एका हाताने वर उचलला, वाकून आत शिरला आणि बाकावर बसला, आपल्या नेहमीच्या जागी, हलणाऱ्या फळीच्या शेजारी. ती आता हलत नव्हती. पहारेकऱ्याने एक पाऊल पुढे टाकलं. आनेलोतने त्याला खुणेने थांबवलं.

"बसूनच बोलतो," रेंडर्ट म्हणाला. "माझे गुडघे जुने आहेत."

मागे उभ्या असलेल्या गावाने माना उंचावल्या.

"ह्या बाईंनी आम्हाला विचारलं," रेंडर्टने सुरुवात केली. "कोऱ्या कागदावर विचारलं. कागद इतका कोरा होता, की लख्ख प्रकाशाने आमचे डोळे दिपले आणि दोन दिवस गावात कोणाला काही दिसलं नाही. आम्ही जे जे म्हणालो ते सगळं त्यांनी केलं. सीत्स्केने एक म्हटलं, त्यांनी दोन केली. बाकाला तर कोणी हातसुद्धा लावला नाही. तो बिचारा बाहेर कुडकुडत होता, एके सकाळी आपणहून उठला, पाय पुसले आणि चालत आत आला. येताना तिकीट काढलं त्याने. म्हाताऱ्यांसाठी सवलत आहे का, असंही विचारलं म्हणतात. आमच्या आजोबांना बांधाच्या वेळी विचारलं नव्हतं इतकं ह्या वेळी आम्हाला विचारलं, आणि आजोबांना फसवलं नव्हतं तितकंच आम्हालाही फसवलं नाही."

पाहुणे हसत होते. किती रसाळ बोलतात ही साधी माणसं, असं त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होतं. मागे गाव हसत नव्हतं. एकेकाच्या लक्षात येत चाललं होतं. ज्या माणसाला आयुष्यात हातभर माशापलीकडे थाप मारता आली नाही, तो सगळ्यांसमोर दिवा गिळणारी वाम सोडत होता. सीत्स्के तोंडावर हात धरून उभी होती. पुढच्या रांगेने टाळ्या वाजवल्या, आनेलोतने सगळ्यांत जोरात वाजवल्या, तिचे डोळे भरून आले होते.

टाळ्या थांबायच्या आत क्रेलिस गर्दीतून पुढे आला. त्याने दोर उचलला, कण्हत आत शिरला आणि रेंडर्टच्या शेजारी बसला. त्याने त्याच्याकडे पाहिलं नाही, समोर पाहिलं, जणू समोर बंदर होतं.

"थाप झकास होती," क्रेलिस म्हणाला. "आता सांग. आधीच ठरलंय ते तुला माहीत होतं?"

रेंडर्टने बाकाच्या कडेला हात टेकला, आणि तो उठला. वेळ लागला. मागे पार दारापर्यंत सगळं गाव गप्प झालं. पाहुण्यांना काय चाललंय ते कळेना.

"मला माहीत नव्हतं," तो उभा राहून म्हणाला. "पण टेपचं टोक मी धरलं होतं. आणि तिने बसून सांगितलेलं मी तुम्हाला उठून सांगितलं."

क्रेलिसने आपल्या बुटांकडे पाहिलं. "आणि पाय मी वर घेतले होते," तो म्हणाला.

तेवढ्यात पहारेकरी जवळ आला. चांगला सभ्य माणूस होता, बाहेरगावचा. त्याने खाली वाकून, कोणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने सांगितलं, की माफ करा, कार्यक्रम झाला, आता ह्या बाकावर बसता येणार नाही.

"मग ह्या गावात आता थापा मारायच्या तरी कुठे?" क्रेलिसने विचारलं.

"उभ्यानेच," रेंडर्ट म्हणाला, आणि त्याला उठायला हात दिला.